चढावर डावीकडे वळताना पुढून टकटक आणि उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना ‘टण्ण’: दोन्हींचे कारण एकच असू शकते का?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

नमस्कार.

माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडी ९२,००० किलोमीटर चालली आहे, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना आहे, गिअर हाताचे आहेत आणि पॉवर स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे. टायर १६५/८० आर१४ मापाचे असून गेल्या पावसाळ्याआधी चारही नवे घातले आहेत. मी चिपळूणला राहते आणि नोकरीमुळे कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजूला नेहमी जावे लागते, त्यामुळे हा प्रश्न केवळ कानाला होणाऱ्या त्रासापुरता नाही.

वळताना गाडीतून दोन निरनिराळे आवाज येतात. पहिला घाट चढताना येतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असताना डावीकडच्या तीव्र वळणावर स्टीअरिंग बरेच फिरवले की पुढच्या बाजूने ‘टक्-टक्-टक्’ असा कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज सुरू होतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढतो आणि पाय उचलला की जवळजवळ थांबतो. घाट उतरतानाही डावीकडची वळणे येतातच, पण तेव्हा तो ऐकू येत नाही. सरळ रस्त्यावर, अगदी वेगातसुद्धा, गाडी शांत असते.

दुसरा आवाज गाडी उभी असताना येतो. इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना स्टीअरिंग पूर्ण फिरवले की पुढून एकदम ‘टण्ण’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो आणि स्टीअरिंगला हाताखाली बारीकसा हिसका जाणवतो. वळण घेतल्यावर स्टीअरिंग पूर्वी आपोआप सरळ होत असे, तेही आता आळसावल्यासारखे झाले आहे.

ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेथील मिस्त्रींनी बाजारपेठेत एक छोटा फेरा मारला, ‘पुढचे सगळे सस्पेन्शन गेले आहे’ असे सांगितले आणि दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉकअप, लिंक रॉड व स्टीअरिंग रॅक असा ३८,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला. गाडी लिफ्टवर घेतली नाही की चाक काढले नाही. एवढा खर्च करायचाच असेल तर तो कशासाठी करतो आहोत हे मला आधी समजून घ्यायचे आहे. दोन्ही आवाजांचे मूळ एकच असू शकते का, घरच्या घरी काय तपासता येईल आणि तोवर घाटातून गाडी नेणे कितपत सुरक्षित आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना पाना

ताई, तुम्ही आवाजाचे वर्णन इतके नेमके केले आहे की निम्मे निदान त्यातच झाले आहे. हे दोन आवाज दोन वेगळ्या जागांहून येत आहेत असे माझे मत आहे, आणि त्या अंदाजपत्रकात लिहिलेल्या वस्तूंपैकी बहुतेकांशी त्यांचा संबंध नसावा. तो कागद तूर्त बाजूला ठेवा.

वळतानाच्या कोणत्याही आवाजाबाबत वर्कशॉपमध्ये आम्ही आधी तीन गोष्टी विचारत असू: तो उभ्या गाडीतही येतो की फक्त चालत्या गाडीत येतो, इंजिनाची ओढ असतानाच येतो की गाडी नुसती घरंगळत असतानाही येतो, आणि त्याचा ठेका चाकाबरोबर बदलतो की इंजिनाबरोबर बदलतो. तुमचा पहिला आवाज चालत्या गाडीत, ओढ असताना आणि स्टीअरिंग बरेच वळवलेले असतानाच येतो. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की माझी नजर आधी एक्सलच्या (गिअरबॉक्समधून चाकाला ओढ देणाऱ्या दांड्याच्या) चाकाकडील टोकाकडे, म्हणजे बाहेरच्या सीव्ही जॉइंटकडे जाते.

या जॉइंटच्या आत सहा पोलादी गोळ्या असतात. त्या एका जाळीत बसवलेल्या असतात आणि आतील व बाहेरील वाटीतल्या चरांमधून सरकत इंजिनाची ओढ चाकापर्यंत पोहोचवतात. गाडी सरळ जात असताना गोळ्या चरांत फारशा हलत नाहीत, म्हणून जॉइंट बराच झिजलेला असला तरी सरळ रस्त्यावर तो मुकाट असतो. चाक वळले की प्रत्येक फेऱ्यात गोळ्यांना चरांतून पुढेमागे जावे लागते, आणि चरात खड्डा पडलेला असेल तर ओढीखाली गोळी त्या कडेवर आपटते. तोच तुमचा ‘टक्’. उतरताना तो का येत नाही याचे उत्तरही यातच आहे. उतारावर इंजिन चाकांना ढकलत नाही, उलट धरून ठेवते, त्यामुळे गोळ्या चराच्या दुसऱ्या, कमी झिजलेल्या अंगाला टेकतात आणि भारही चढापेक्षा पुष्कळ कमी असतो.

हा जॉइंट सहसा आपणहून मरत नाही, त्याच्यावरचा रबरी बूट आधी फाटतो. बूट फाटला की चाकाबरोबर फिरताना आतले काळे ग्रीस बाहेर उडते आणि त्याच्या जागी पाणी, चिखल व वाळू आत जाते. तुमच्याकडची तांबडी बारीक माती ग्रीसमध्ये मिसळली की ते मिश्रण चर अक्षरशः घासून काढते. सपाट जागी हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून, स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि बॅटरीच्या उजेडात चाकाच्या मागून पाहा. घडीदार रबराच्या प्रत्येक घडीत बोट फिरवा, कारण चीर घडीच्या तळाशी असते आणि वरवर पाहून दिसत नाही. चाकाच्या रिमच्या आतल्या अंगाला किंवा शॉकअपच्या नळीवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट शोधायचीही गरज उरत नाही. पुढे स्टीअरिंग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरे चाकही पाहा.

मग एखाद्या मोकळ्या मैदानात जा, स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये हलका ॲक्सिलरेटर देत गोल फेरा घ्या. आवाज सुरू झाला की क्लच दाबा. ओढ तुटताच आवाज थांबला, तर जॉइंटवरचा संशय पक्का होतो. ओढ असो वा नसो आवाज तसाच राहिला, तर बेअरिंग, ब्रेकची पत्र्याची ढाल किंवा टायर कोठे घासतो आहे का, हे पाहावे लागेल. हाच फेरा उजवीकडे आणि मग रिव्हर्समध्येही घ्या.

दुसरा आवाज बहुधा शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधील बेअरिंगचा आहे. स्टीअरिंग फिरले की शॉकअप आणि त्याच्यावरची स्प्रिंग दोन्ही वळतात, आणि त्यांना मोकळेपणाने वळू देण्याचे काम ते बेअरिंग करते. ते गंजले किंवा त्यात माती शिरली की स्प्रिंगचे खालचे टोक वळते आणि वरचे अडकून राहते, त्यामुळे स्प्रिंगला पीळ बसतो आणि पीळ असह्य झाला की ती एकदम सुटते. स्टीअरिंग आपोआप सरळ न होणे हेही त्याच अडकलेल्या बेअरिंगचे लक्षण असू शकते. तपासण्यासाठी एकाला स्टीअरिंग सावकाश फिरवायला सांगा आणि तुम्ही तळहात स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला नुसता टेकवून ठेवा. बोटे कड्यांच्या मध्ये कदापि घालू नका. ज्या बाजूला स्प्रिंग सलग न वळता थांबून उडी मारते, त्या बाजूचे बेअरिंग गेले असे समजा.

आता सुरक्षिततेविषयी. सीव्ही जॉइंट टकटकत असला तरी तो बहुधा बराच काळ सूचना देत राहतो. खरी धास्ती चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटची असते. तो निसटला तर चाक आडवे होते आणि गाडीवरचा ताबा जातो. तोही वळताना करकरतो, म्हणून तो तपासल्याशिवाय घाटात जाऊ नका. ही तपासणी घरी करू नका. साध्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालण्यापेक्षा एखाद्या अलाइनमेंटच्या दुकानात लिफ्टवर घेऊन, टायरखाली पहार लावून, सांधा उचलला जातो का ते डोळ्यांदेखत दाखवायला सांगा. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे.

सह्यकडा

वरील विवेचन उत्तमच आहे, परंतु एवढ्या खोलात जाण्याआधी चाकांच्या नटांवर पाना लावून पाहावा. टायर बदलून दिल्यावर नट अर्धवट आवळलेले राहिले, तर वळताना चाक हबवर (ते ज्या भागाला नटांनी बसवलेले असते त्यावर) किंचित सरकते आणि असाच ‘टक्’ येतो. तो प्रकार बॉल जॉइंटइतकाच धोक्याचा आहे आणि तपासायला एक पाना पुरतो. तसेच कच्च्या रस्त्यावर ब्रेकची डिस्क व तिच्यामागची पत्र्याची ढाल यांच्यामध्ये बारीक खडा अडकतो आणि वळताना कर्रर्र आवाज करतो. गाडी थोडी मागे घेतली की पुष्कळदा तो पडून जातो.

स्टीअरिंग जड वाटत असेल, तर स्टीअरिंगचे ऑइलही एकदा पाहून घ्यावे.

दुसरे असे की ज्यांच्याकडे जीपसारखी, गरजेपुरती चारही चाकांना ओढ देणारी गाडी आहे, त्यांनी वळतानाच्या आवाजासाठी काहीही खोलण्याआधी छोटा लिव्हर पाहावा. कोरड्या डांबरावर गाडी फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ओढ देणाऱ्या स्थितीत राहिली, तर वळताना पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते, पण ती एकमेकांना जखडलेली असतात, आणि गाडी खडखडत, उड्या मारत वळते. त्यात बिघाड काहीच नसतो. तशीच हाकत राहिलात तर मात्र बिघाड नक्की होईल.

कोनमापक

एक दुरुस्ती आधी नोंदवतो. मूळ प्रश्नात स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे असे लिहिले आहे. त्यात मोटर असते, ऑइल नसते, त्यामुळे पाहण्यासारखी टाकीच नाही. ज्या गाड्यांत ऑइलवर चालणारे पॉवर स्टीअरिंग आहे, त्यांत ऑइल कमी झाले किंवा त्यात हवा शिरली की स्टीअरिंग फिरवताना पंप घूं-घूं करतो, आणि तो आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढतो, चाकाच्या नव्हे. अशा गाडीत स्टीअरिंग अगदी टोकाला नेऊन धरून ठेवले की येणारी किंकाळी पट्ट्याची किंवा दाब सोडणाऱ्या झडपेची असते. तेथे काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नये.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात वाहनशास्त्र शिकवतो, म्हणून जुना पाना यांनी ज्याला हात घातला नाही त्या मुद्द्यावर लिहितो: कोणत्या बाजूचा जॉइंट? गॅरेजांत एक नियम ऐकू येतो की डावीकडे वळताना आवाज आला तर उजवा जॉइंट गेला आणि उजवीकडे आला तर डावा. या नियमात तथ्य आहे. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या अंगाला झुकतो, बाहेरचे चाक जमिनीला अधिक घट्ट धरते आणि त्याच्या जॉइंटवर जास्त बळ येते. परंतु त्याच वळणात आतल्या, म्हणजे डाव्या चाकाला अधिक तीव्र कोनात वळावे लागते, कारण त्याचा वर्तुळमार्ग लहान असतो, आणि स्टीअरिंगची रचनाही तशीच केलेली असते. म्हणजे भार वळणाच्या बाहेरच्या चाकाच्या जॉइंटवर जास्त आणि कोन आतल्या चाकाच्या जॉइंटचा जास्त. झीज कोणत्या कोनात झाली आहे यावर कोण आधी बोलेल ते ठरते. घाटात वेगाने वळताना बाहेरच्या चाकाचा, तर पार्किंगमध्ये स्टीअरिंग टोकाला नेऊन सावकाश वळताना आतल्या चाकाचा जॉइंटही आवाज देऊ शकतो. म्हणून केवळ त्या नियमावर विसंबून एक्सल विकत घेऊ नये. बूट कोणत्या बाजूचा फाटला आहे याची साक्ष मला जास्त विश्वासार्ह वाटते.

आवाजाच्या ठेक्यावरूनही पडताळा घेता येतो. तुमच्या मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर जातो. ताशी २० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर सरकते, म्हणजे चाकाचे जवळजवळ तीन फेरे होतात. एकाच चरात खड्डा असेल तर सेकंदाला साधारण तीन ठोके पडतील, अनेक चर खराब असतील तर ठोके दाट होतील. तोच वेग ठेवून गिअर बदलला आणि ठेका तसाच राहिला, तर उगम चाकाच्या बाजूला आहे हे सिद्ध होते. सहा गोळ्यांची ही रचना आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात मांडली, आणि १९५९ च्या ब्रिटिश मिनीनंतर ती छोट्या गाड्यांत चांगली रुळली. तत्त्व अजून तेच आहे, त्यामुळे ती बिघडण्याची तऱ्हाही तीच राहिली आहे.

व्हील बेअरिंगचा आवाज याहून अगदी निराळा असतो. तो टकटकत नाही, तर वेगाबरोबर चढणारी एकसुरी घरघर करतो, सरळ रस्त्यावरही ऐकू येतो, आणि भार ज्या चाकावर जाईल त्या वळणावर मोठा होतो. डावीकडे वळताना घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना दबली, तर संशय उजव्या बेअरिंगवर. असमान झिजलेला टायरही हुबेहूब तशीच घरघर करतो. पुढचे टायर मागे टाकून आवाजाची जागा बदलली, तर बेअरिंग निर्दोष आहे असे समजावे. प्रश्नकर्त्यांचे वर्णन मात्र या जातीचे नाही.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, ती सविस्तर लिहिते.

चाकांचे नट पक्के होते. उजव्या चाकाच्या रिमला आतून काळे ग्रीस पट्ट्यासारखे उडालेले आहे, आणि त्या बाजूचा बाहेरचा बूट एका घडीत जवळजवळ अर्धा वर्तुळभर चिरला आहे. चिरेतून बोटाला जे ग्रीस लागले ते काळे नसून तांबूस, खरखरीत होते, दोन बोटांत चोळल्यावर वाळू लागावी तसे. डाव्या बाजूचे बूट कोरडे व अखंड आहेत. मैदानात डावीकडे गोल फिरताना आवाज स्पष्ट आला आणि क्लच दाबताच थांबला. उजवीकडे फिरताना तो अगदी पुसट होता, रिव्हर्समध्ये डावीकडे वळताना मात्र पुन्हा आला.

माझ्या भावाने स्टीअरिंग फिरवले तेव्हा मी स्प्रिंगवर हात ठेवला होता. उजवी सलग वळते. डावी काही अंतर वळून थांबते आणि मग तळहाताखाली उडी घेते, तोच ‘टण्ण’. बॉनेट उघडल्यावर असेही दिसले की डाव्या शॉकअपच्या डोक्यावरची प्लॅस्टिकची टोपी नाही आणि तेथील नट पूर्ण गंजला आहे. अलाइनमेंटच्या दुकानात लिफ्टवर पहार लावून दोन्ही बॉल जॉइंट दाखवले, त्यांत हालचाल नाही. रॅकमध्येही ढिलेपणा नसल्याचे त्यांनी सांगितले.

आता प्रश्न पुढचा. एक मिस्त्री म्हणतात, फक्त नवा बूट आणि नवे ग्रीस घालू, काम स्वस्तात होईल. सुट्या भागांचे दुकानदार म्हणतात, अख्खा एक्सलच बदला. माउंटिंग एकाच बाजूचे बदलावे की दोन्ही, हेही कळत नाही. जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. त्या पाण्याचा यात काही हात असेल का?

जुना पाना

तुमच्या तपासणीने उजवा बाहेरचा सीव्ही जॉइंट आणि डावे माउंटिंग या दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्या, आणि लोअर आर्म, लिंक रॉड व रॅक ही नावे त्या कागदावरून खोडायला हरकत नाही. शॉकअपमधून तेल गळत नसेल, तर त्यांनाही तूर्त हात लावू नका. मात्र माउंटिंगसाठी ते बाहेर काढावेच लागणार आहेत, तेव्हा हाताने दाबून पाहायला सांगा. मजुरी तीच पडते.

नुसता बूट बदलण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. बूट फाटल्याचे लवकर लक्षात आले असेल, जॉइंट अजून मुका असेल आणि ग्रीसमध्ये माती नसेल, तर जॉइंट उतरवून, धुऊन, नवे ग्रीस भरून नवा बूट घालणे हाच शहाणपणा, कारण खर्च एक्सलच्या मानाने किरकोळ असतो. एकदा आवाज सुरू झाला की चरांत खड्डे पडलेले असतात आणि ग्रीसने ते भरून येत नाहीत. नव्या ग्रीसने काही आठवडे आवाज दबेल, मग मजुरी पुन्हा द्यावी लागेल. तुमच्या बोटाला वाळू लागली, त्यामुळे हा पर्याय सोडून द्या.

अख्खा एक्सल घ्यावा की फक्त बाहेरचा जॉइंट, हे त्याच एक्सलच्या आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडील जॉइंटच्या अवस्थेवर ठरवा. आतला जॉइंट वेगळ्या प्रकारचा असतो, त्यात तीन रोलर असतात, आणि तो बिघडला तर सरळ रस्त्यावर जोर दिला की गाडी थरथरते किंवा ॲक्सिलरेटर दाबता-सोडता ‘खट्’ वाजते. तुमच्याकडे तसे काही नाही, म्हणून चांगल्या प्रतीचा बाहेरचा जॉइंट बूट व क्लिपांसह मिळत असेल तर तो पुरेसा आहे. स्वस्तातला अनोळखी एक्सल घेण्यापेक्षा तुमचा मूळ दांडा ठेवून चांगला जॉइंट चढवणे मला केव्हाही पसंत पडेल. खरेदीच्या वेळी एक गोष्ट आवर्जून पाहा. २०१४ मध्ये एकाच मॉडेलच्या काही गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा) होते आणि काहींना नव्हते. काही गाड्यांत एबीएसची दातेरी कडी याच जॉइंटवर असते. कडी नसलेला किंवा वेगळ्या दातांचा जॉइंट बसला, तर आवाज जाईल पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागेल आणि त्यासाठी निराळी भटकंती करावी लागेल. जुना जॉइंट दुकानात शेजारी ठेवून आऱ्यांची (दांडा ज्यांत बसतो त्या खाचांची) आणि कडीच्या दातांची संख्या मोजून घ्या.

काम चालू असताना शक्य असेल तर तेथे थांबा. एक्सलच्या टोकाचा मोठा नट पुष्कळ गाड्यांत ठोकून अडकवलेला असतो, तो एकदा काढला की नवाच घालावा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळावा. नुसत्या इम्पॅक्ट गनने करकचून आवळल्यास व्हील बेअरिंग लवकर जाते. गिअरबॉक्समधून एक्सल काढताना दांडा धरून ओढू देऊ नका, कारण त्याने आतला जॉइंट निखळतो. आतल्या जॉइंटच्या मागे पहार लावून तो अलगद निघतो. तेथून थोडे गिअर ऑइल सांडेल. तेथील ऑइल सील बदलून घ्या आणि पातळी भरून घ्या.

पुराचे म्हणाल, तर इतक्या वर्षांनंतर त्याच्यावर खापर फोडण्यात फारसा अर्थ नाही. व्हील बेअरिंगमध्ये गाळ गेला असता, तर त्याची घरघर काही महिन्यांतच सुरू झाली असती. मात्र तेव्हापासून गिअर ऑइल बदललेच नसेल, तर सांडणाऱ्या ऑइलचा रंग पाहा. ते दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे आणि सगळे ऑइल बदलायला हवे. हब मोकळा झालेला असताना बेअरिंगही हाताने फिरवून पाहावे, खरखर लागली तर तेव्हाच बदललेले बरे.

कोनमापक

माउंटिंगविषयी लिहायचे राहिले होते. दोन्ही बाजूंची बदलावीत असे माझे मत आहे. उजवे अजून चालते आहे हे खरे, पण तेही तितकेच जुने आहे आणि तितकेच पावसाळे त्याने पाहिले आहेत. रबर एका बाजूला नवे व ताठ आणि दुसऱ्या बाजूला जुने व दबलेले राहिले, तर पुढची उंचीही दोन्हीकडे सारखी राहत नाही. वस्तू त्या मानाने स्वस्त आहे. रबरी माउंटिंग व बेअरिंग हे बहुतेक गाड्यांत वेगवेगळे मिळतात, दोन्ही घ्या, आणि डाव्या बाजूची हरवलेली टोपी न विसरता बसवा. कोकणातल्या पावसात काचेखालच्या जाळीतून वाहणारे पाणी नेमके तेथे उतरते, आणि टोपी नसेल तर नवे बेअरिंगही त्याच वाटेने जाईल.

हे काम घरी करण्याचा विचार कोणी वाचक करत असतील, तर करू नये. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, योग्य कॉम्प्रेसरशिवाय वरचा नट सोडला तर ती बाहेर उसळते आणि माणूस जायबंदी होतो.

सह्यकडा

अलाइनमेंटचे पैसे या हिशेबात धरून ठेवा. केवळ एक्सल बदलल्याने अलाइनमेंट बिघडत नाही, पण शॉकअप खाली हबला ज्या दोन बोल्टांनी धरलेला असतो ते सोडले की चाकाचा कोन बदलू शकतो, आणि तुमच्याकडे दोन्ही बाजूंचे सोडले जाणार आहेत. बोल्ट काढण्याआधी खडूने किंवा रंगाने खूण करून घेतली तर फरक कमी पडतो. तरीही एकदा मशीनवर पाहून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील. काम झाल्यावर थेट घाट गाठण्याऐवजी आधी त्याच मैदानात डावीकडे, उजवीकडे आणि रिव्हर्समध्ये फेरे घ्या, आणि थोडे अंतर चालवून आल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून पाहा.